३४६ सीसीचा भरवसा

‘बुलेटमध्ये १९५५ पासून काहीएक बदललेलं नाही,’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, गॅरेजच्या बाकड्यावर. कुणी माझ्या गाडीकडे वळून पाहिलं की मला तेवढं पुरायचं. सोबत पुरावाही असायचा: बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यात १९४०च्या दशकाच्या अखेरीस ३५० बुलेट तयार झाली तेव्हा हेच आकडे होते, आणि २०२० उलटल्यावरही नव्या बुलेटच्या माहितीपत्रकात हेच आकडे छापलेले होते. आकडे खरे होते. त्यांच्यावरून मी जे गृहीत धरलं ते खोटं होतं. त्याची किंमत माझ्या इंजिनाने मोजली, माझ्या खिशाने मोजली आणि एकदा माझ्या भाच्याच्या खांद्याच्या हाडाने मोजली. हल्ली विशी-पंचविशीतली मुलं बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेट शोधून शोधून घेतात आणि तेच वाक्य मला परत ऐकवतात. म्हणून माझ्या चुका जशा घडल्या तशा लिहितो.

माझी गाडी १९८४ची, सैन्यातून निवृत्त झालेल्या चुलत्यांकडून आलेली. सैन्य आणि बुलेट यांचं नातं जुनं आहे. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय सैन्याला ३५० बुलेट पसंत पडली, ऑर्डर रेडिचला गेली आणि त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या साथीने ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली. सुरुवातीला विलायतेहून सुटे भाग येत आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जोडले जात. मग साचे आणि यंत्रं आली आणि १९६०च्या दशकात सगळी गाडी इथेच होऊ लागली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७०च्या सुमारास मूळ कंपनीच संपली, मद्रासची बुलेट मात्र तशीच निघत राहिली. जन्मदाती कंपनी गेली आणि गाडी राहिली, यामुळे ती काळाच्या बाहेर आहे असं आम्हाला वाटू लागलं असावं. मला तरी तसंच वाटायचं.

पहिली चूक तेलाची, आणि ती मी सर्वांत जास्त काळ केली. बिडाच्या ब्लॉकच्या या इंजिनात तेलाचा साठा क्रँककेसच्याच ओतकामात, पण वेगळ्या कप्प्यात असतो. क्रँकच्या टोकावरच्या वर्म गिअरवर दोन छोटे पिस्टन पंप चालतात. एक तेल कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, आणि वर रॉकरला पोचवतो, दुसरा खाली साचलेलं तेल ओढून परत साठ्यात टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की साठ्यातलं तेल पंपाच्या बारीक फटीतून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग डिपस्टिक काढून पाहावी तर ती जवळजवळ कोरडी. मी ती कोरडी काडी बघून तेल ओतायचो. गाडी सुरू झाली की पंप आपलं काम चोख करायचा, खालचं सगळं तेल वर आणायचा, साठा उतू जायचा आणि ब्रीदरच्या नळीतून ते चेनवर आणि मागच्या टायरवर उडायचं. ‘बुलेट म्हटलं की तेल टाकणारच,’ असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. राधानगरीच्या रस्त्यावर एका वळणाला मागचं चाक तेलावरून सरकलं, तेव्हाही मी दोष रस्त्याला दिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी एक दिवस मला तेलाचा डबा हातात घेतलेला पाहिला आणि थांबवलं. म्हणाले, “साहेब, आधी गाडी फिरवून आणा, मग काडी बघा.” मी फिरवून आणली, बंद केली, काडी पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. त्या दिवशी त्यांनी इंजिनातून जादा तेल काढून बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. तेलाच्या त्या बाटलीइतका स्पष्ट धडा मला कुणी दिला नव्हता, तरी तो मी अर्धाच शिकलो. ‘बुलेटचं तेल गरम इंजिनात बघायचं’ एवढं मी पाठ केलं. ते कोणत्या बुलेटचं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आवाजाची चूक त्याच सुमाराची. या इंजिनात टॅपेट हाताने जुळवायचे असतात. ब्लॉकच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते काढलं की पुशरॉडची खालची टोकं दिसतात. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, एवढं जुळवायचं. मला ती टिकटिक आवडायची नाही. गाडीचा ठोका ऐकू यावा, बाकी काही नको, असा माझा हट्ट. मी टॅपेट आवळत गेलो, तेही गाडी फिरवून आणल्यावर. आवाज गेला, मी खूश झालो. थोड्याच दिवसांत किक जड लागेनाशी झाली. कॉम्प्रेशन गळत होतं, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण बसतच नव्हता. आगीचा झोत त्या फटीतून जात राहिला आणि व्हॉल्व्हची कड खाल्ली गेली. हेड उतरवल्यावर मेस्त्री म्हणाले, “टॅपेट थोडं बोलायलाच पाहिजे.” ते वाक्यही मी सगळ्या बुलेटना लागू करून टाकलं.

या इंजिनाला किक मारण्याची एक रीत आहे आणि ती मला येत होती, याचा मला फार अभिमान होता. चावी फिरवायची, ॲमीटरचा काटा पाहायचा. पॉइंट मिटलेले असले की काटा एका बाजूला झुकतो. डीकॉम्प्रेसरची लहान दांडी दाबून किक हळू सरकवायची, काटा मधोमध आला की दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग एक सलग दणका. ही रीत चालते ती पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या ऑटो ॲडव्हान्सच्या जिवावर. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. मी ती डोळ्यांच्या अंदाजाने ठेवायचो आणि टायमिंग कानाने जुळवायचो. ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या ते मी कधी पाहिलं नाही. स्पार्क वेळेआधी पडला, पिस्टन उलटा फिरला आणि किकने माझी पोटरी अशी झटकली की बरेच दिवस मी जिना रेलिंग धरून उतरत होतो. घरी मी सांगितलं, “गाडी जुनी आहे, कधीतरी करते असं.” गाडीने काही केलं नव्हतं. फिलर गेज माझ्या कपाटात होता.

खरा मोठा घाव मी गाडीला दिला तो पुणे-बंगळूर महामार्गावर. २००० नंतरच्या वर्षांत हा रस्ता चौपदरी झाला आणि आम्हा कोल्हापूरकरांचं पुणं जवळ आलं. जुन्या एकेरी रस्त्यावर माझी गाडी कधी साठच्या पुढे फार वेळ गेलीच नव्हती. कुठे ट्रक, कुठे बैलगाडी, कुठे गाव आडवं यायचं. इंजिनाला मध्येमध्ये दम खायला मिळायचा आणि मला वाटायचं की ही गाडी दिवसभर न थकता धावते. नव्या रस्त्यावर मी ऐंशी-पंच्याऐंशीवर थ्रॉटल धरून बसलो. त्याआधी मी दोन उद्योग केले होते. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून आवाज मोकळा केला होता आणि एअर फिल्टर अर्धा कापला होता. हवा जास्त येऊ लागली, कार्ब्युरेटरचा मेन जेट मात्र तोच ठेवला. मिश्रण पातळ झालं. पातळ मिश्रण गरम जळतं. बिडाचा ब्लॉक उष्णता सावकाश सोडतो आणि आतला ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा जास्त फुगतो. कराड मागे पडल्यावर इंजिनाचा सूर किंचित खाली आला. ती खूण होती. मला वाटलं वारा समोरून आहे, म्हणून मी थ्रॉटल आणखी पिळला. पुढच्याच क्षणी पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक आवळलं गेलं. क्लच दाबायला डावा हात सवयीने गेला म्हणून मी आज हे लिहितो आहे.

ब्लॉक रिबोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन घातला, मोठा जेट लावला, सायलेन्सर पूर्ववत केला. एवढं केल्यावर मला वाटलं प्रकरण मिटलं. मेस्त्री म्हणत होते की खालचं इंजिनही उघडून धुऊन घेऊ. मी नको म्हटलं, खर्च वाढत होता. पिस्टन घासताना सुटलेला धातूचा कीस तेलात उतरला होता. हा निर्णय मी घेतला तेव्हा मला या इंजिनाच्या पोटातली सर्वांत नाजूक गोष्ट माहीत नव्हती. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला यात रोलर बेअरिंग नसतं, मोकळा फिरणारा बुश असतो. तो क्रँकपिनवरही सरकतो आणि रॉडच्या आतही, म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांना तेलाचा पडदा लागतो. चांगलं, स्वच्छ तेल मिळालं तर असा बुश फार वर्षं टिकतो. तेल कमी पडलं किंवा त्यात कचरा आला तर त्याला सावरायला जागा नसते.

तेल तिथवर नेणाऱ्या वाटेत, टायमिंग कव्हरच्या आतून क्रँकच्या टोकात तेल शिरतं तिथे, कॉर्कची एक छोटीशी सील बसते. किंमत नगण्य. ती दबली, झिजली की पंपाने पाठवलेलं तेल बिग एंडला पोचण्याआधीच बाजूने सुटतं. एकदा कव्हरमधून तेल गळत होतं म्हणून मी स्वतः ते उघडलं, गॅस्केट नवं घातलं आणि कॉर्क जुनीच ठेवली. ती दिसायला धड होती. पुढे खालून येणारा जड ठोका मी बरेच महिने ‘बुलेटचा आवाज’ म्हणून ऐकत राहिलो.

याच काळात मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक ॲल्युमिनियमचा ब्लॉक घेतला. पुन्हा गाडी जाम होऊ नये म्हणून. ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं हे मला कळलं होतं, आणि विकणारा म्हणाला की हा बुलेटचाच आहे. तो खोटं बोलत नव्हता. १९९०च्या दशकात एनफिल्ड आयशर समूहाकडे गेली होती आणि त्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या एव्हीएल या संस्थेच्या मदतीने कंपनीने कमी पेट्रोलवर चालणारं, लीन-बर्न म्हणून ओळखलं जाणारं इंजिन काढलं. मचिस्मो आणि मग थंडरबर्ड या मॉडेलांमध्ये ते आलं. बोअर ७०, स्ट्रोक ९०, सीसी ३४६. मी सत्तर आणि नव्वद हे दोन आकडे बघितले आणि पैसे दिले. लेथवाल्याने तो ब्लॉक माझ्या क्रँककेसच्या तोंडावर धरला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. “ह्याचं त्याला बसत नाही,” एवढंच म्हणाला. बसणार कसं? हेड वेगळं, ज्वलनाच्या जागेचा आकार वेगळा, कार्ब्युरेटर वेगळा, त्यामागचा विचारच वेगळा. बाहेरचा आकडा सारखा ठेवून आत सगळं नव्याने बेतलं होतं. तो ब्लॉक अजून माळ्यावर आहे.

इथे मी शहाणा व्हायला हवा होतो. पण एनफिल्डचीच २०११ची क्लासिक घेतली तेव्हा तीच चूक उलट दिशेने केली. हे तिसऱ्या पिढीचं इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात, म्हणून ‘युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन’, थोडक्यात यूसीई. २००८ मध्ये थंडरबर्डला ते आधी लागलं, मग २००९ मध्ये क्लासिकला, आणि नंतर बुलेटलाही. २०१०च्या एप्रिलपासून दुचाकींना बीएस-३चे धुराचे नियम आले आणि त्या सुमाराला बिडाचं इंजिन थांबलं. धूर मोजायला लागल्यावर पॉइंट, ढिल्या फटी आणि हाताने जुळवलेलं टायमिंग यांना जागाच उरली नाही. आकडे मात्र पुन्हा तेच, ७० गुणिले ९०.

जुन्या गाडीत तीन ठिकाणी तीन वेगळी तेलं असतात: इंजिनात एक, प्रायमरी चेनच्या डब्यात दुसरं आणि गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीससारखं तिसरं. क्लचचा इंजिनाच्या तेलाशी संबंध येत नाही, त्यामुळे इंजिनात मी मोटारीचं चांगल्यातलं चांगलं तेल घालायचो आणि त्याने काही बिघडलं नाही. क्लासिकमध्येही तेच घातलं. यूसीईमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर सगळे एकाच तेलात बुडलेले असतात. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लच चालतो तोच मुळी घर्षणावर. आंबा घाटाच्या चढाला इंजिन ओरडू लागलं आणि गाडी पुढे सरकेना. क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या. कंपनीच्या पुस्तिकेत तेलाचा प्रकार स्पष्ट छापलेला होता, १५डब्ल्यू-५०, मोटरसायकलच्या ओल्या क्लचला चालणारं. पुस्तिका सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, मी ती उघडली नव्हती. बुलेटचं पुस्तक मला काय सांगणार, असं वाटायचं.

टॅपेटचंही तेच. थोडा आवाज आला की मी झाकण शोधत बसलो. या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, तेलाच्या दाबाने फट आपोआप राखली जाते, जुळवायला काही ठेवलेलंच नाही. आवाज येतोय याचा अर्थ तेल तपासा. इथे टॅपेट ‘बोलायलाच पाहिजे’ असं नव्हतं. माझ्या कानाला जी गोष्ट तब्येतीची खूण म्हणून पाठ होती ती इथे आजाराची होती, आणि मी तिच्याकडे कौतुकाने दुर्लक्ष केलं.

आता भाच्याचं. हे लिहायला मला सर्वांत जड जातं.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो आणि मागचा ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर उचलून पडतो, बाकीचे तिन्ही खाली दाबून. गिअरच्या दांड्याजवळ आणखी एक छोटी दांडी असते, न्यूट्रल फाइंडर. ती टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रल मिळतो. जुन्या इंग्रजी गाड्यांची ही रीत. अमेरिकेने १९७०च्या दशकात नियमच केला की गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे हवा, आणि हळूहळू जगभर तेच ठरून गेलं. आपल्याकडे २०००च्या दशकात पाच गिअरची, डाव्या पायाच्या गिअरची बुलेट इलेक्ट्रा बाजारात आली, पण त्याच वेळी उजव्या गिअरची स्टँडर्ड बुलेटही विकली जात होती. म्हणजे एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन बुलेट शेजारी उभ्या असतील आणि दोघींवर पायांची कामं अगदी उलटी असतील. ‘बुलेटमध्ये काही बदललेलं नाही’ म्हणणाऱ्या माणसाने आधी या दोन गाड्या चालवून पाहायला हव्यात.

मी चालवल्या होत्या. एका मित्राची इलेक्ट्रा मी गगनबावड्याच्या रस्त्यावर घेतली होती आणि वरचा गिअर टाकायला उजवा पाय दाबला. तो ब्रेक होता. मागचं चाक घसरलं, मी कसाबसा सावरलो. म्हणजे धोका मला पुस्तकातून नव्हे, माझ्या पायातून माहीत होता. तरीही भाचा “मामा, एकदा पन्हाळ्याला घेऊन जाऊ का?” म्हणाला तेव्हा मी त्याला काय शिकवलं? किक. ॲमीटरचा काटा, डीकॉम्प्रेसर, चोक, पेट्रोलचा कॉक. मी त्यात रमून गेलो होतो. तो रोज कॉलेजला डाव्या गिअरची साधी मोटरसायकल चालवायचा. त्याला म्हणालो, “गिअर उजव्या पायाला आहे बघ, होईल सवय.” चौकात एक फेरी मारून आला, छान चालवतोय असं वाटलं. चौकात कुणाला अचानक थांबावं लागत नाही.

पन्हाळ्याहून उतरताना वळणापलीकडून ट्रॅक्टर आला. भाच्याच्या डोक्याने ब्रेक म्हटलं आणि उजवा पाय खाली गेला, जसा तो रोज जायचा. ती गिअरची दांडी होती, आणि या गाडीत खाली म्हणजे वरचा गिअर. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. इंजिन जे थोडंफार आवरून धरत होतं तेही सुटलं आणि उतारावर गाडीने वेग घेतला. पुढचा ड्रम ब्रेक त्याने आवळला, पण १९८४चा तो ड्रम आजच्या डिस्कसारखा पकडत नाही, तो आगाऊ दाबावा लागतो. गाडी डोंगराकडच्या चरात गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. ट्रॅक्टरच्या बाजूला गेली असती तर काय झालं असतं हे मी अजून मनात पूर्ण होऊ देत नाही.

दवाखान्यात मी बहिणीला सांगत होतो की त्याची चूक नाही, गाडी जुनी आहे, ब्रेक कमी आहेत. तिने मला मध्येच विचारलं, “थांबवायची कशी ते सांगितलं होतंस का रे त्याला?” मी गप्प बसलो. सुरू कशी करायची ते सांगण्यात मला मान मिळत होता. थांबवायचं सांगण्यात तो नव्हता.

आज माझी ती गाडी कुणी मागितली तर मी देतो, पण आधी मोकळ्या मैदानावर नेतो. इंजिन बंद, गाडी ढकलत, मी शेजारून धावत ओरडतो, “थांब!” आणि त्याचा कोणता पाय जातो ते बघतो. डावा जाईपर्यंत चावी नाही. काही मुलं हसतात. एक मुलगा कंटाळून निघून गेला. मला चालतं.

भाच्याने २०२३मध्ये स्वतःची बुलेट घेतली. त्याने पडूनही बुलेटच घ्यावी याचं मला बरं वाटलं, आणि तरी शोरूममध्ये मी त्याला म्हणालो की ही खरी बुलेट नव्हे. त्याने माहितीपत्रक माझ्यासमोर धरलं. बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, ३४९ सीसी. ज्या आकड्यांची मी आयुष्यभर शपथ घेतली ते अखेर बदलले होते, आणि मी टाकीवरच्या सोनेरी रेघा बघत बसलो होतो. २०२० मध्ये मीटिओर या मॉडेलपासून सुरू झालेलं हे इंजिन आदल्या कुठल्याही इंजिनाचं नाव सांगत नाही. पुशरॉड गेले, कॅमशाफ्ट वर डोक्यात गेला. थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट आला. पेट्रोल इंजेक्शनने येतं, किक नाहीच. कॉम्प्रेशन ९.५, यूसीईत ते ८.५ होतं. आणि ताकद? माझ्या गाडीची १८ अश्वशक्ती, यूसीईची १९.८, याची २०.२. इतक्या दशकांत दोन-सव्वादोन घोड्यांची वाढ, आणि वजन मात्र सुमारे १६५ किलोंवरून १९५वर. सगळी मेहनत ताकद वाढवायला लागलेली नाही. ती धूर कमी करण्यात, थरथर कमी करण्यात, तेल आत ठेवण्यात, माणसाला वेळेत थांबवण्यात लागली आहे. मी ती गाडी पुण्यापर्यंत चालवली. ज्या वेगाला माझ्या गाडीचे आरसे निरुपयोगी होतात, त्या वेगाला हिच्या आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येत होता. भाच्याची मी माफी मागितली, शोरूममधल्या त्या वाक्याबद्दल. पन्हाळ्याबद्दल आधीच मागितली होती.

माझ्या गाडीचा खालचा जड ठोका शेवटी ‘बुलेटचा आवाज’ राहिला नाही. या पावसाळ्यात इंजिन पूर्ण उघडलं. बुश झिजून क्रँकपिनवर ओरखडे उमटले होते, तेलाच्या वाटेत जुन्या पिस्टनचा कीस अजून होता, आणि कॉर्कची ती सील दगडासारखी कडक होऊन बसली होती. क्रँक आत्ता उद्यमनगरात लेथवर आहे. रोलर बेअरिंगचा रॉड घालता येतो, बरेचजण घालतात, आणि हमरस्त्यावर धावणाऱ्यांनी तो घालावाही. लेथवाल्याने मला विचारलं, काय करू? मी बुशच सांगितला. ही गाडी आता साठच्या आत, कोल्हापूर ते राधानगरी, कोल्हापूर ते ज्योतिबा एवढीच चालणार आहे, आणि त्या चालीला १९५५चं तेच बेअरिंग योग्य आहे. पुण्याला जायचं झालं तर क्लासिक आहे. कॉर्कच्या सील मी दोन मागवल्या आहेत, एक बसवायला आणि एक पुढच्या वेळी कव्हर उघडेल तेव्हासाठी.